टार्गेट आणि गीतेचा 47 वा श्लोक

गुरुवारच्या अभ्यासात दुसरा अध्याय चालू आहे. 47 व्या श्लोकाशी आलो आणि मागे बसलेला, आपल्याच एका ताईंचा मुलगा चक्क हसला. नंतर विचारलं तर म्हणाला, "काकू, आमच्याकडे उलटं आहे. काम कसं केलं हे कोणी विचारत नाही. फळ किती, तेवढंच." म्हणून या वेळचा पाठ यावरच.

हा मुलगा इथेच इंदूरला एका बँकेच्या शाखेत बसून विमा विकतो. सकाळी साडेआठला फोनवर मीटिंग, आज किती पॉलिसी देणार ते सगळ्यांसमोर बोलायचं. संध्याकाळी हिशोब. आकडा झाला नाही की साहेब ग्रुपवर नावानिशी लिहितात. पण कधी सोबत ग्राहकाकडे आले, समजावून सांगितलं, असं नाही. "घरचे लोक नाहीत का तुला?" एवढंच. मग आधी मावशी, मग आत्या, मग सत्संगातल्या काकू. आम्हीसुद्धा एक घेतली. गरज नव्हती, पोराचं तोंड बघवेना.

मार्चअखेरीस आपल्या एका आजींची एफडी मोकळी झाली. त्याने 1 लाखाची पॉलिसी दिली. आजींना वाटलं एकदाच भरायचे. ते दरवर्षी होते, 10 वर्षं! कंपनीच्या पडताळणीच्या फोनला "सगळ्याला हो म्हणा" हे त्यानेच शिकवलेलं.

इथे थोडी माहिती हवी. बँकेत बसून विकलं तरी विमा बँकेची ठेव नसतो. ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, ते पॉलिसीला लागू नाही. पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून 30 दिवस ती परत करता येते. तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे, स्टॅम्पचे आणि तपासणी झाली असेल तर तिचे पैसे कापून बाकी मिळतात. मुदत गेली की मात्र नुकसान सोसूनच बाहेर पडावं लागतं. कंपनी ऐकत नसेल तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्याला भोपाळचं कार्यालय.

हे आम्ही वर्गात वाचलं तेव्हा तो गप्प झाला. कारण पॉलिसी परत गेली की त्याच्या खात्यातला आकडाही जातो, आणि साहेबांचा फोन येतोच. घरी फ्लॅटचा हप्ता, वडील रिटायर.

कुणी म्हणालं, प्रारब्ध आहे, सहन कर. आम्हाला हे पटलं नाही. फळावर अधिकार नाही म्हणजे कुणी कसंही वागवावं असं कुठे लिहिलंय? कर्मावर तर अधिकार आहे ना, मग आजींना खरं सांगणं हेही त्याच्याच कर्मात येतं. दिवसाला किती लोकांना भेटलो, काय काय सांगितलं, हे त्याच्या हातात. समोरचा हो म्हणेल का, हे साहेबांच्याही हातात नाही. (साहेबांच्या डोक्यावरही कोणी बसलेला असणार, हेही खरं.)

22 व्या दिवशी तो स्वतःच आजींकडे गेला. दारातच म्हणाला, "आजी, मी चुकीचं सांगितलं होतं." अर्ज त्यानेच लिहिला, आजींनी सही केली. आजींनी आधी चहा दिला, मग चांगलं खडसावलं. पैसे आले. त्या महिन्यात ग्रुपवर त्याचं नाव दोनदा आलं.

आता तो रोजच्या भेटी वहीत लिहितो, साहेबांचे मेसेज जपून ठेवतो आणि दुसरीकडे अर्ज करतोय. नोकरी अजून सोडलेली नाही. आईला झोप लागत नाही, ताईंना अधूनमधून फोन करत जा.

पुढच्या गुरुवारी 48 वा श्लोक. घरात असा कुठला कागद असेल तर पाकिटासकट घेऊन या, पोचल्याची तारीख बघू. मोबाईलवर आली असेल तर तो मेसेज पुसू नका.