विद्यापीठ ग्रंथालये : दप्तरापासून संशोधनापर्यंत

मुंबईच्या ओव्हल मैदानावरून जाणारे असंख्य लोक राजाबाई टॉवरच्या घड्याळाकडे नजर टाकतात. परंतु या उत्तुंग मनोऱ्याच्या पायथ्याशी मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आहे, याची जाणीव त्यांपैकी थोड्यांनाच असते. विद्यापीठ ग्रंथालयांच्या बाबतीत हे नेहमीच घडते. वास्तू नजरेत भरते, पदवीदान समारंभाची वार्ता सर्वत्र पोहोचते. पण ज्या कार्यावर अध्यापन आणि संशोधन उभे असते, ते कार्य कपाटांआड शांतपणे चालू राहते. या कार्याचे स्वरूप समजून घेणे शिक्षकांना व शासकीय अधिकाऱ्यांना जितके आवश्यक, तितकेच ते गावपातळीवरील लोकप्रतिनिधींनाही उपयुक्त आहे.

परीक्षेकडून अध्यापनाकडे

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालेल्या या संस्थेचे काम प्रारंभी परीक्षा घेणे व पदव्या देणे एवढेच होते; शिकविण्याचे काम महाविद्यालयांकडे असे. १८६४ साली प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये आणि मातोश्री राजाबाई यांच्या स्मरणार्थ मनोरा उभारण्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार १८६९ साली सुरू झालेले बांधकाम १८७८ साली पूर्ण झाले. दात्याच्या औदार्यामुळे वास्तू आधी आली; तिचा पूर्ण उपयोग करणारा अध्यापनाचा विस्तार मात्र पुढे व्हावयाचा होता.

१९०४ च्या भारतीय विद्यापीठे अधिनियमाने विद्यापीठांना स्वतः अध्यापन करण्याची व ग्रंथालये चालविण्याची मुभा स्पष्टपणे दिली. पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र व समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. परीक्षार्थी एका क्रमिक पुस्तकावर निभावून नेऊ शकतो. संशोधक विद्यार्थ्यास मात्र जनगणनेचे अहवाल, गॅझेटियर, नियतकालिकांचे जुने बांधीव अंक आणि पूर्वीचे प्रबंध असे सर्वच लागते. अध्यापन जसजसे सखोल होत जाते, तसतशी ग्रंथालयाची जबाबदारी वाढत जाते. मागणी असलेल्या ग्रंथांच्या प्रती राखून ठेवणे, संदर्भ विभागातून नेमकी माहिती शोधून देणे, अन्य ग्रंथालयांतून ग्रंथ मागविणे आणि नवागत विद्यार्थ्यांना सूची वापरावयास शिकविणे, ही कामे वरकरणी साधी वाटली तरी चांगल्या अध्यापनाचा तो पायाच होय.

विशेष संग्रह आणि त्यांची सूची

विद्यापीठ ग्रंथालयाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या विशेष संग्रहांत असते. छापील ग्रंथ अनेक ठिकाणी मिळू शकतो. हस्तलिखित पोथीची प्रत्येक प्रत मात्र एकमेव असते. एकाच ग्रंथाच्या दोन प्रतींत पाठभेद असतात आणि ते ताडून पाहिल्याखेरीज मूळ पाठाच्या जवळ जाता येत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. ठिकठिकाणच्या संग्रहांत पोथ्या जपल्या गेल्या नसत्या, तर हे कार्य सुरूच होऊ शकले नसते.

तथापि, पोथी कपाटात सुरक्षित असणे पुरेसे नाही. ती तेथे आहे हे अभ्यासकास कळले पाहिजे. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयातील अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची १९३५ साली, तर भगवतसिंहजी व भडकमकर या संग्रहांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९४४ साली प्रसिद्ध झाली. अशा सूचीत ग्रंथाचे व कर्त्याचे नाव, लिपी, पत्रांची संख्या, लेखनकाल, लेखनिकाचे नाव, आरंभीची व अखेरची वाक्ये आणि पोथीची सद्यःस्थिती यांची नोंद असते. एकेका पोथीची ओळख पटविण्यास कित्येक दिवस लागतात. त्यासाठी भाषा, लिपी व विषय या तिन्हींचे ज्ञान असावे लागते.

असफ अली असगर फैजी यांच्या संग्रहाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेल्या या विधिपंडितांनी काझी नोमान यांच्या ‘दआइमुल इस्लाम’ या फातिमी काळातील विधिग्रंथाचे संपादन केले. इस्माइली पंथाच्या पोथ्या पिढ्यान्पिढ्या कुटुंबांत व धर्मगुरूंच्या संग्रहांत राहिल्या होत्या. बाहेरील अभ्यासकास त्या क्वचितच पाहावयास मिळत. फैजी यांनी आपला हस्तलिखित संग्रह १९५७ साली मुंबई विद्यापीठास दिला आणि १९६५ साली त्याची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध झाली. दानामुळे संग्रह सुरक्षित झाला; सूचीमुळे तो जगातील अभ्यासकांचा झाला. गोव्यातही इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकर यांचा ग्रंथसंग्रह आज गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. एका अभ्यासकाची आयुष्यभराची जमवाजमव त्याच्या पश्चात विखुरली न जाता पुढील पिढीच्या हाती पडावी, ही सोय विद्यापीठ ग्रंथालयच करू शकते.

नव्या सोयी, जुनी जबाबदारी

संगणकाने ग्रंथालयांच्या कामात मोठा पालट घडविला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ सालच्या विनियमांनंतर देशातील प्रबंध ‘शोधगंगा’ या संगणकीय भांडारात एकत्र येऊ लागले. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ या योजनेस मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेतून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके सहा हजारांहून अधिक शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना उपलब्ध करून देण्यात आली. दूरच्या जिल्ह्यातील शासकीय महाविद्यालयास महानगरातील संस्थेच्या बरोबरीने शोधनिबंध मिळावेत, हा मोठाच लाभ होय.

परंतु यातून एक गोष्ट अधिक स्पष्ट होते. नियतकालिके सर्वांना सारखीच मिळू लागली, म्हणजे ग्रंथालयाचे वेगळेपण त्याच्या स्वतःच्या संग्रहावरच ठरणार. हा संग्रह कोणत्याही प्रकाशकाकडून विकत घेता येत नाही. पोथीचे छायाचित्र यंत्राने क्षणात निघते. ती कोणाची, कधीची व कशाविषयीची, हे सांगण्यास जाणकार माणूसच लागतो. म्हणूनच मोडी, फारसी व संस्कृत जाणणाऱ्या सूचिकारांची पदे भरणे आणि नव्या पिढीला या लिपी व भाषांचे शिक्षण देणे यांवरील खर्च अनावश्यक मानता येणार नाही.

गावाचा वाटा

हा प्रश्न केवळ विद्यापीठाच्या आवारापुरता नाही. महाराष्ट्रातील अनेक घरांत, देवस्थानांत व जुन्या वाड्यांत मोडी कागदांची दप्तरे आजही आहेत. वतन, पाणीवाटप, गावशीव, बाजार आणि दुष्काळ यांविषयीची माहिती अशा कागदांतच सापडते. घराची दुरुस्ती निघाली की ही दप्तरे रद्दीत जातात किंवा वाळवीच्या तोंडी पडतात. शिक्षक व पंचायत सदस्य यांनी या बाबतीत थोडी दक्षता घेतली, तरी पुष्कळ काही वाचू शकेल. कागद ओलीपासून व उन्हापासून दूर ठेवावेत. फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावू नये अथवा त्यावर प्लास्टिकचे आवरण चढवू नये. रुमालातील कागदांचा मूळ क्रम मोडू नये. दप्तर कोणत्या घरातून आले, याची चिठ्ठी सोबत ठेवावी आणि नजीकच्या विद्यापीठ ग्रंथालयाचा अथवा पुराभिलेखागाराचा सल्ला घ्यावा. मूळ कागद देण्याची मालकाची इच्छा नसल्यास छायाप्रती करून घेण्याचा मार्गही असतो.

प्रेमचंद रायचंद यांनी द्रव्य दिले, फैजी यांनी पोथ्या दिल्या, सूचिकारांनी आपले परिश्रम दिले. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच ग्रंथालय उभे राहिले. ज्या गावातील दप्तर आज वाचविले जाईल, त्या गावाचा इतिहास उद्याच्या विद्यार्थ्यास आधारासह लिहिता येईल.