स्टिअरिंग जड का होते?

मोटारीचे स्टिअरिंग हाताला एकाएकी जड लागू लागले, की पंप निकामी झाला असे मानून मालक गॅरेजची वाट धरतो. पुष्कळदा दोष पंपात नसून टायरमधील कमी हवेत, उतरलेल्या तेलात किंवा सैल पट्ट्यात असतो. म्हणून तपासणी सोप्या गोष्टींपासून अवघड गोष्टींकडे क्रमाने करीत जावी, हे या पाठाचे सूत्र आहे.

रचना

अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस याने तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग १९२६ मध्ये चालवून दाखवले. विक्रीच्या मोटारीत मात्र ते १९५१ साली क्रायसलरच्या 'इंपीरियल'मध्ये प्रथम आले. त्याचे तत्त्व सोपे आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप टाकीतील तेल दाबाने पुढे ढकलतो. आपण स्टिअरिंग फिरवले, की एक झडप ते तेल रॅकमधील दट्ट्याच्या योग्य बाजूस सोडते आणि दट्ट्या चाके वळवण्यास हातभार लावतो. साहाय्य थांबले तरी स्टिअरिंग आणि चाके यांची यांत्रिक जोडणी कायम राहते. गाडी वळते, परंतु बळ अधिक लागते. त्यामुळेच पेट्रोल वाचवण्यासाठी घाटाच्या उतारावर इंजिन बंद करण्याची सवय घातक ठरते. त्याने स्टिअरिंग जड होते, ब्रेकचे साहाय्य लवकरच संपते आणि किल्ली काढल्यास स्टिअरिंगला कुलूपही लागू शकते.

तपासणीचा क्रम

प्रथम टायर थंड असताना पुढील दोन्ही चाकांतील हवा मोजावी. ती कमी असल्यास स्टिअरिंग जड होते. दोन्हींत असमान असल्यास गाडी एका अंगास ओढते. हा दोष दूर करण्यास फार तर पाच मिनिटे लागतात.

त्यानंतर गाडी सपाट जागी उभी करून टाकीतील तेलाची पातळी पाहावी. टाकीवर थंड व गरम अशा दोन स्वतंत्र खुणा असल्यास त्यांतील योग्य ती खूण धरावी. तेल काळपट झाले असून त्यास करपट वास येत असेल, तर ते बदलण्याची वेळ आली आहे असे समजावे. त्यात फेस दिसल्यास आत हवा शिरली आहे. तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच घालावे. ब्रेकचे तेल कधीही घालू नये, कारण त्याने आतील रबरी सील खराब होतात.

पातळी वारंवार उतरत असल्यास गळती शोधणे भाग आहे. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी डाग कोठे पडला आहे ते पाहिल्यास गळतीच्या जागेचा अंदाज येतो. इंजिन चालू असताना नळ्यांवरून हात फिरवून गळती शोधू नये. यंत्रणेतील दाब दर चौरस इंचास १,००० पौंडांहूनही अधिक होऊ शकतो आणि तेलाची बारीक धार त्वचा भेदून आत शिरू शकते.

आता इंजिन बंद करून, किल्ली काढून घेऊन पट्टा पाहावा. त्यास भेगा पडल्या असतील किंवा तो घासून चकचकीत झाला असेल, तर बदलावा. सैल असल्यास ताणून घ्यावा. पूर्ण वळण घेताना येणारा कर्कश आवाज बहुधा पट्ट्याचा असतो. इंजिनाच्या गतीबरोबर वाढत जाणारा घुमणारा आवाज मात्र बहुधा तेलाची कमतरता किंवा आत शिरलेली हवा सुचवतो.

हवा काढणे

मागील चाकांना ठोकळे लावून पुढील भाग जॅकने उचलावा व तो भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवावा. केवळ जॅकवर विसंबू नये. इंजिन बंद ठेवून, किल्ली फक्त स्टिअरिंगचे कुलूप सुटेल इतकीच फिरवून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश १५ ते २० वेळा फिरवावे. पातळी उतरत जाईल तसे तेल घालीत राहावे. बुडबुडे थांबल्यावर इंजिन मंद गतीने चालू करून हीच क्रिया पुन्हा करावी. टोकाशी स्टिअरिंग क्षणभरापेक्षा अधिक धरून ठेवू नये; त्याने पंपावर ताण पडतो.

याच स्थितीत आणखी एक परीक्षा होते. इंजिन बंद असून चाके अधांतरी असताना स्टिअरिंग विशेष घट्ट लागले किंवा एखाद्या जागी अडले, तर दोष बहुधा तेलाच्या दाबात नसून रॅकमध्ये, बॉल जॉइंटमध्ये किंवा स्टिअरिंगच्या दांड्याच्या सांध्यात असतो.

विजेवर चालणारे स्टिअरिंग

आजच्या बहुसंख्य लहान मोटारींत हे काम विजेची मोटर करते. तेथे तेल व पंप नसतात. अशा गाडीत इशाऱ्याचा दिवा लागला असता बॅटरीची अग्रे घट्ट व स्वच्छ आहेत की नाहीत ते पाहावे, फ्यूज तपासावा आणि विश्रांत स्थितीत बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट आहे याची खात्री करावी. अरुंद जागेत गाडी पुष्कळ वेळ मागेपुढे करीत राहिल्यास मोटर तापते आणि साहाय्य काही काळ कमी होते. निवल्यावर ते पूर्ववत होते. याहून पुढील तपासणीस संगणकीय उपकरण लागते.

कोठे थांबावे

रॅकच्या रबरी भात्यात तेल साचले असेल, सकाळी जड असलेले स्टिअरिंग गाडी तापल्यावरच हलके होत असेल, दाबाची नळी गळत असेल किंवा स्टिअरिंगमध्ये खेळ जाणवत असेल, तर गाडी जाणकार कारागिराच्या हाती सोपवावी. स्टिअरिंग अडत असेल, तर ती रस्त्यावर चालवत नेऊ नये. तरीही घरची तपासणी वाया जात नाही. काय पाहिले, कोणत्या क्रमाने पाहिले आणि दोष केव्हा जाणवतो, हे मालक नेमके सांगू शकला, तर चांगले भाग विनाकारण बदलले जात नाहीत आणि खरा दोषही नजरेआड राहत नाही.