ज्ञानमीमांसेच्या परीक्षार्थ्यास

तत्त्वज्ञानाच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम माझ्याकडे दीर्घकाळ होते, आणि त्या अनुभवाच्या आधारे एवढे निःशंकपणे सांगता येते की, ज्ञानमीमांसेच्या परीक्षेत विद्यार्थी मागे पडतो तो बहुधा वाचनाच्या अभावी नव्हे, तर वाचलेल्या मतांची यादी करूनही त्यांमागील कारणांची विचारपूस न केल्यामुळे.

महाविद्यालयाच्या सहामाही परीक्षेनंतर एक परिश्रमी विद्यार्थी अल्प गुणांची तक्रार घेऊन माझ्याकडे आला. त्याने पुरवण्यांवर पुरवण्या जोडल्या होत्या, आणि चार्वाक एक प्रमाण मानतात, बौद्ध दोन, सांख्य तीन, नैयायिक चार, प्राभाकर मीमांसक पाच आणि भाट्ट मीमांसक व अद्वैती सहा, ही सारी गणना बिनचूक होती. मी एवढेच विचारले, “चार्वाक अनुमान का नाकारतात?”

“कारण ते केवळ प्रत्यक्षच प्रमाण मानतात, सर,” असे उत्तर तत्काळ आले.

फैसला तोच, आणि फैसल्याचे कारण म्हणूनही पुन्हा तोच! ‘जेथे धूर तेथे अग्नी’ ही व्याप्ती त्रिकाळातील यच्चयावत धुरांविषयी बोलते, तेवढे धूर कोणाच्याही दृष्टीस पडलेले नसतात, आणि ती अनुमानाने सिद्ध करू गेल्यास त्या अनुमानास पुन्हा दुसरी व्याप्ती लागते, ही चार्वाकांची खरी कैफियत त्या पुरवण्यांत कोठेच नव्हती. ती ध्यानात आली असती, तर आजवर सूर्य उगवला एवढ्यावरून उद्याही तो उगवेल असे मानण्यास आधार कोणता, ही अठराव्या शतकातील ह्यूमची शंका त्याला परकी वाटली नसती, आणि कांटला १७८१ चा आपला महाग्रंथ लिहिण्याची निकड का भासली, हेही उमगले असते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, टिपणे काढताना प्रत्येक मताखाली त्याने सोडवू पाहिलेला प्रश्न, दिलेली कारणे, प्रतिपक्षाचा आक्षेप आणि त्यावरील उत्तर यांची नोंद करावी. पूर्वपक्ष बलवान करून मगच सिद्धान्ताकडे वळण्याची आपल्या शास्त्रकारांची रीत परीक्षागृहातही उपयोगी पडते.

दुसरी सूचना ही की, एकच उदाहरण घेऊन ते सर्व मतांपुढे रुजू करावे. समजा, डोंगरावरील धुक्यास धूर समजून कोणी तेथे अग्नीचे अनुमान केले, आणि योगायोगाने तेथे अग्नी खरोखरच होता. तर त्याला अग्नीचे ज्ञान झाले काय? ज्ञान म्हणजे समर्थित सत्य विश्वास, ही प्लेटोच्या ‘थिएटेटस’ संवादापर्यंत मागे नेली जाणारी व्याख्या येथे अडखळते. एडमंड गेटियरने १९६३ मध्ये अवघ्या तीन पानांच्या निबंधात याच जातीची अडचण मांडून मोठी खळबळ उडविली, परंतु बाराव्या शतकातील श्रीहर्षानेही ‘खंडनखंडखाद्या’त अशा योगायोगाने खऱ्या ठरणाऱ्या प्रतीतींचा विचार केला होता. नैयायिक येथे हेतूच असिद्ध असल्याचे दाखवील. देकार्त म्हणेल की, शंकेस जागा असताना ज्ञानाचा दावा करू नये. आणि विश्वसनीयतावादी विचारील की, ही प्रतीती ज्या रीतीने उपजली ती एरवी सत्याकडे नेते काय. ज्याला हे मतभेद एका धुक्यात दिसले, त्याला व्याख्या घोकाव्या लागत नाहीत.

तिसरी सूचना व्यावहारिक आहे. ‘स्पष्ट करा’ आणि ‘परीक्षण करा’ हे निरनिराळे हुकूम आहेत. पहिल्यास मताची यथार्थ मांडणी पुरते, तर दुसऱ्यास आपला सकारण निर्णय द्यावा लागतो, आणि तो परीक्षकाच्या मताशी जुळलाच पाहिजे अशी अट नसते. असा निर्णय नसेल, तर ग्रंथकारांच्या जन्मवर्षांनी मात्र त्या उणिवेची भरपाई होत नाही.

परीक्षेच्या आदल्या सायंकाळी पुस्तक मिटून, तत्त्वज्ञान न घेतलेल्या एखाद्या मित्रास आपले उत्तर तोंडी सांगावे आणि प्रत्येक विधानावर ‘का?’ असे विचारण्याची त्यास पूर्ण मुभा द्यावी. जेथे जीभ अडेल, तेवढीच पाने त्या रात्री पुन्हा वाचावीत.