झाडाची ओळख एका खुणेवर नको

मांडवगण फराटा हे शिरूर तालुक्यातले गाव. जवळून भीमा वाहते. नदीपलीकडे दौंड तालुका. शिवारात ऊस आहे. बांधावर झाडे आहेत. ही झाडे आपण रोज पाहतो. पण पाहणे वेगळे आणि ओळखणे वेगळे.

तिथल्याच एका घरातली गोष्ट समजा.

पाडव्याचा दिवस होता. सूनबाई सकाळीच पाटाच्या कडेला गेली. तिने पाला तोडून आणला आणि धुऊन ताटात ठेवला. आबा अंघोळ करून आले. त्यांनी डहाळी उचलून पाहिली.

“पोरी, हा पाला कुठला आणलास?”

“पाटाकडचा, आबा. कडुनिंबच हाय की.”

“न्हाई. हा बकाण हाय. ह्याचा पाला तोंडात घालायचा न्हाई. ह्याची फळं तर विषारी असत्यात.”

सूनबाई घाबरली. पोरे गूळ-पाला खायला दारातच उभी होती. ती म्हणाली, “पानं तर तशीच दिसत्यात, आबा!”

“एका पानावर जाऊ नकोस. चल, दोन्ही झाडं दावतो.”

आबांनी तिला आधी कडुनिंबाखाली नेले. कडुनिंबाच्या डहाळीवर पाहा. मधे एक दांडा असतो. त्याच्या दोन्ही अंगांना पानांची रांग असते. पान कोयत्यासारखे जरा वाकडे असते. कडा करवतीसारखी असते. मग ती दोघे बकाणाखाली गेली. बकाणाच्या दांड्याला पुन्हा फाटे फुटतात. पाने त्या फाट्यांवर येतात. कडुनिंबाचे फूल पांढरे. बकाणाचे फूल फिकट जांभळे. कडुनिंबाची लिंबोळी लांबट. बकाणाचे फळ गोल. बकाणाची पाने झडली, तरी त्याच्या फळांचे घोस झाडावर लोंबत राहतात.

सूनबाईने बकाणाचा पाला लांब टाकून दिला. ताट पुन्हा धुतले. कडुनिंबाचा पाला घरी नेला.

दुसऱ्या दिवशी थोरला मुलगा कुऱ्हाड घेऊन निघाला. म्हणाला, “माळाकडच्या बाभळी काढून टाकतो.” तिथे चार काटेरी झाडे होती. तो चारींना बाभळीच म्हणत होता. आबा म्हणाले, “थांब. आधी नावं सांग, मग कुऱ्हाड घाल.” सूनबाईही वही घेऊन मागे गेली.

पहिले झाड खरी बाभूळ. साल काळपट आणि भेगाळलेली. काटे सरळ, पांढरे, जोडीने. शेंग माळेसारखी. दोन बियांमध्ये ती आवळलेली असते. फूल पिवळे, गोल, गोंड्यासारखे. हिच्या लाकडाची औते होतात. शेंगा शेळ्या खातात. डिंकही मिळतो.

दुसरे झाड वेडी बाभूळ. हिलाही काटे सरळच. म्हणून नुसत्या काट्यावर फसू नका. हिचे फूल लांबट, तुऱ्यासारखे. शेंग चपटी आणि पिकली की पिवळी. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. सुमारे १८७७ साली त्याचे बी भारतात आले. जनावरे शेंगा खातात. मग शेणातून बी रानभर पसरते.

तिसरे झाड हिवर. याची साल फिकट, पांढुरकी. पावसाळ्यात फांद्यांच्या टोकांना फिकट पिवळ्या गोंड्यांचे मोठे झुबके येतात.

चौथे झाड खैर. याचे काटे आखूड आणि गळासारखे वाकडे. शेंग चपटी, तपकिरी. याच्या लाकडापासून कात करतात.

आबा म्हणाले, “जळणाला वेडी बाभूळ तोड. खैराला हात लावू नकोस.”

का बरे? आपल्या राज्यात १९६४ सालचा वृक्षतोडीचा कायदा आहे. खैर, साग, चंदन, आंबा, चिंच, जांभूळ अशी काही झाडे त्यात नेमून दिली आहेत. ती स्वतःच्या रानातली असली, तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ समजून खैर तोडला, तर झाडही जाते आणि गुन्हाही होतो. शंका असली, तर आधी वनखात्याच्या कचेरीत विचारावे.

सूनबाईने विचारले, “आबा, आत्ता बाभळीला फूल न्हाई. मग ओळखायचं कसं?”

“फूल नसलं तर शेंग बघ. शेंग नसली तर साल बघ, काटा बघ. माणसाला आपण नुसत्या पागोट्यावरून ओळखतो का? तोंड बघतो, चाल बघतो, आवाज ऐकतो. झाडाचं तसंच हाय.”

आबांना झाडे ठाऊक होती, पण लिहिता येत नव्हते. सूनबाईला लिहिता येत होते, पण झाडे ठाऊक नव्हती. तिने वहीत सहा रकाने पाडले. नाव, साल, पान, काटा, फूल, फळ. आबा सांगत गेले, ती लिहीत गेली. जागा आणि महिनाही लिहिला. एकेक डहाळी जुन्या वर्तमानपत्रात घालून वर दगड ठेवला. कागद रोज बदलला. डहाळी सुकली, पण तिचा आकार तसाच राहिला. पुण्यात १९५५ पासून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे केंद्र आहे. तिथली जाणती माणसेही अशाच दाबून वाळवलेल्या डहाळ्या नाव, गाव आणि तारीख घालून जपून ठेवतात.

तुमच्या घरीही असे आबा किंवा आजी असतील. त्यांच्याजवळ बसा. वही उघडा. त्यांना ठाऊक असलेले कागदावर उतरवा.

प्रश्न
१. कडुनिंब आणि बकाण यांच्यातले तीन फरक सांगा.
२. वेडी बाभूळ नुसत्या काट्यावरून का ओळखता येत नाही?
३. खैर तोडण्याआधी काय करावे?

करून पाहा
दसऱ्याला पुष्कळ जण आपटा म्हणून कांचनाची पाने आणतात. कांचनाचे पान मोठे, फूलही मोठे, गुलाबी किंवा जांभळे. आपट्याचे पान लहान आणि जाड, फूल लहान, पांढुरके. तुमच्या गावात दोन्ही झाडे आहेत का? शोधा आणि वहीत लिहा.