गणपतीची रजा आणि पान चार

रत्नागिरी
२ फेब्रुवारी २०२६

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुझा करारनामा मिळाला. फोनवर वाचता वाचता डोळे दुखायला लागले, म्हणून नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतला आणि आता चष्मा नि पेन्सिल घेऊन बसले आहे. हे सगळं फोनवरही सांगितलं असतं, पण तू मध्येच ‘हो गं आत्या’ म्हणतेस आणि मग मुद्दा राहतो बाजूला. म्हणून पत्र.

तू तीन गोष्टी विचारल्यास. गणपतीला येता येईल का, डिसेंबरात दादाच्या लग्नाला आठ दिवस मिळतील का, आणि नाहीच करमलं तर सहा महिन्यांत परत येता येईल का. तुझा बाप म्हणतो, पोरगी निघायच्या आधीच परतायचं बघते. मला तसं वाटत नाही. इथे शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं महिना १८,००० रुपयांवर काढण्यापेक्षा शारजात इंग्रजी शिकवलेलं बरं. तू जा. प्रश्नही रास्त आहेत. फक्त ते मला नाही, शाळेला विचारायचे, आणि तेही सही करायच्या आधी. सही झाल्यावर मागितलेली रजा ही मेहेरबानी असते. आधी मागून कागदावर घेतलेली रजा हक्काची.

रजेची कलमं पान चारवर आहेत. वार्षिक रजा ‘व्यवस्थापन ठरवेल त्या काळात’ मिळेल, असं तिथे लिहिलंय. त्याखाली मी दुहेरी रेघ मारली आहे. अमिरातीतला कामगार कायदा, म्हणजे २०२१चा ३३ क्रमांकाचा, जो २ फेब्रुवारी २०२२पासून लागू झाला, वर्षाला ३० दिवसांची पगारी रजा देतो. हे वाचून तू मनातल्या मनात वाटणीही करून टाकली असशील: दहा दिवस गणपतीचे, पाच शिमग्याचे, उरलेले लग्नाचे. पण रजेच्या तारखा कामाच्या सोयीने ठरवायचा अधिकार तोच कायदा मालकाला देतो. शाळेत याचा अर्थ एवढाच, की तुझे तीस दिवस जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत आपोआप जिरतात. त्याच दिवसांत अख्खं आखात घरी निघतं आणि विमानाचं तिकीट सोन्याच्या भावाने मिळतं, हे ओघाने आलंच.

आणि पूर्ण तीस दिवस मिळतात ते वर्ष भरल्यावर. सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत महिन्याला दोन दिवस, सहा महिन्यांच्या आत काहीच नाही. तू एप्रिलात रुजू होणार, म्हणजे जुलैत तुझे जेमतेम तीन महिने भरलेले असतील. त्या पहिल्या उन्हाळ्याचा पगार पूर्ण मिळणार, अर्धा मिळणार की मिळणारच नाही? तुझ्या कागदात त्याबद्दल अवाक्षर नाही. आखातात शिकवून आलेल्या कुठल्याही बाईला विचार, पहिल्या वर्षाची रडारड इथेच असते. हा प्रश्न शाळेला मेलवर विचार आणि उत्तरही मेलवरच माग. फोनवर ‘डोन्ट वरी, मॅम’ म्हणणाऱ्याचं नाव नंतर कुणाला आठवत नाही.

मी मस्कतला होते तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये एक मल्याळी बाई होती, गणित शिकवायची. बहिणीच्या लग्नाला जायचं म्हणून तिने सुपरवायझरला विचारलं. त्याने जिन्यात उभ्या उभ्या मान हलवली. ती परत आली तोवर प्रिन्सिपॉल बदललेला, आणि हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे सगळे दिवस लाल. तेवढे दिवस पगार कापला, आणि वर्षाअखेरचं तिकीटही नाकारलं. सुपरवायझर चांगला माणूस होता. त्याने खरंच मान हलवली होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याचा उपयोग शून्य.

आता गणपती. यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी. शाळा सुट्टीनंतर नुकती भरलेली असेल आणि तुझं प्रोबेशनही संपलेलं नसेल. शारजात २०२२पासून शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते, शाळांनासुद्धा. त्यामुळे गुरुवारी रात्री विमानात बसावं, हा विचार तुझ्या डोक्यात येणारच. शारजा ते मुंबई तीन तास. मुंबई ते रत्नागिरी गणपतीच्या आदल्या दिवसांत किती तास, ते तुला मी सांगायला नको. एवढं करून पोचलीस तरी सोमवारी सकाळी मूर्ती पाटावर बसेल तेव्हा तू वर्गात असायला हवीस. यंदाचा गणपती सोड. व्हिडिओवर आरती कर. पुढच्या वर्षी चतुर्थी ४ सप्टेंबरला, शनिवारी आहे. तेव्हा वर्ष भरलेलं असेल आणि शाळेला तुझं काम कळलेलं असेल. त्या वेळी दोन दिवस जोडून माग, आणि मार्चमध्येच माग.

लग्नाचं सोपं आहे. डिसेंबरात तिथल्या शाळांना हिवाळी सुट्टी असते. शाळेचं वेळापत्रक हातात आलं की तुझ्या काकूला कळव, आणि भटजींकडे जायच्या आधी कळव. आखातात माणूस असलेल्या घरांत मुहूर्त असाच निघतो, उगाच लाजू नकोस.

आजारपणाची रजा कायद्याने वर्षाला ९० दिवसांपर्यंत आहे: १५ पूर्ण पगारी, ३० अर्ध्या पगाराच्या, बाकीच्या बिनपगारी. प्रोबेशनमध्ये मात्र पगारी आजारपण नाही. तीन कामाच्या दिवसांत कळवायचं आणि डॉक्टरचा कागद द्यायचा.

दुःखाच्या रजेबद्दल तू विचारलं नाहीस. तुझ्या वयाला ते सुचतही नाही, म्हणून मीच लिहिते. नवरा गेला तर पाच दिवस. आईवडील, भाऊबहीण, आजीआजोबा, मूल गेलं तर तीन दिवस. आपल्याकडे दहावा, बारावा, तेरावा होईपर्यंत माणूस घराबाहेर पडत नाही, आणि कायदा म्हणतो तीन दिवस, त्यातही तिकीट मिळायला नि बसणीच्या घरी पोचायला एक जाणार. आजी ८८ वर्षांची आहे, तेव्हा हे आत्ताच बोललेलं बरं. तीनच्या वर किती दिवस बिनपगारी मिळू शकतील, ते शाळेला सही करायच्या आधी विचार. कुणी नाराज होणार नाही, तिथल्या सगळ्यांचीच आजी लांब असते. आणि हो, त्या यादीत आत्या नाही. काका नाही, मामाही नाही. माझ्यासाठी धावत येऊ नकोस. परीक्षेचे दिवस असतील तर अजिबात नको.

न कळवता मात्र एक दिवसही राहू नकोस. सलग सात दिवसांहून जास्त, किंवा वर्षात मिळून वीस दिवसांहून जास्त विनाकारण गैरहजर राहिलीस, तर नोटीस न देता काढायची मुभा मालकाला आहे.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिन्यांचं. त्या काळात देश सोडून परत यायचं तर १४ दिवसांची लेखी नोटीस, तिथेच दुसरी नोकरी धरायची तर महिन्याची. हे न पाळता निघून आलीस तर वर्षभर तिथे पुन्हा कामाचा परवाना मिळत नाही. प्रोबेशननंतर नोटीस करारात लिहिलेली, ३० ते ९० दिवसांच्या मधली. तुझ्या कागदात ६० आहे. म्हणजे कायद्याने तू येऊ शकतेस. माझं म्हणणं, येऊ नयेस. सहावीची मुलं नोव्हेंबरात बाई गेली म्हणून कोरी वही घेऊन बसतात, आणि नवी बाई येईपर्यंत कुणीतरी पीटीचा मास्तर त्यांना इंग्रजीच्या तासाला सांभाळतो. शैक्षणिक वर्ष पुरं कर, मग वाटलं तर ये. अपवाद दोनच: पगार थकला, किंवा बाई म्हणून असुरक्षित वाटलं. मग सहा दिवसांतही ये, नोटिशीचं मी बघते.

आपल्या जिल्ह्याला शिक्षकाच्या कराराची गोष्ट नवी नाही. टिळक आळीतून जाताना तू कधी विचार केला आहेस का, की डेक्कन एज्युकेशन सोसायटी टिळकांनी का सोडली? १८८४ साली संस्था निघाली तेव्हा आजीव सभासदांनी वीस वर्षं तुटपुंज्या पगारावर शिकवायचं, अशी बोली होती. पगार पुढे ७५ रुपयांच्या घरात गेला. मग आजीव सभासदाने संस्थेबाहेरचं काम किती करावं यावरून ठिणगी पडली. गोखले, आपल्याच जिल्ह्यातल्या कोतळूकचे, शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि १८९०मध्ये सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले. टिळक म्हणाले, पूर्ण वेळ संस्थेला, असं ठरलं होतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी भलंमोठं पत्र लिहून राजीनामा दिला. एकाच बोलीचा दोन थोर माणसांनी वेगवेगळा अर्थ लावला, आणि संस्थेने टिळकांसारखा शिक्षक गमावला. कोण बरोबर होतं, यावर आपल्या घरात अजून भांडणं होतात. माझं मत गोखल्यांच्या बाजूने आहे, आणि ते तुझ्या बापाला सांगू नकोस.

त्याउलट मुर्डीचे रँग्लर परांजपे. केंब्रिजला शिकायला जायच्या आधी ते याच संस्थेच्या फर्ग्युसन कॉलेजला परत येण्याचा शब्द देऊन गेले होते. १८९९मध्ये सीनिअर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले; हा मान मिळवणारे पहिले भारतीय. त्यानंतर हवी ती मोठी जागा मागता आली असती. ते परत आले आणि १९०२मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले.

टिळक-गोखल्यांचा वाद तुझ्या कागदात पान सहावर आहे: ‘शाळेबाहेर कोणतेही सशुल्क अध्यापन करता येणार नाही.’ शिकवण्यांचा मोह तुला होणार. तिथे गेलेल्या प्रत्येकीला होतो, आणि मुलांचे आईबापच विचारत येतात. डिसेंबर २०२३पासून सरकार खासगी शिकवणीचा परवाना देतं, फुकट, दोन वर्षांचा. पण सरकारचा परवाना मिळाला म्हणून शाळेचं कलम रद्द होत नाही. दोन्हीकडून मुभा मिळते का, ते आधी विचार. तोवर शेजारच्या मुलाला पाढेसुद्धा पैसे घेऊन शिकवू नकोस.

बाकीचं थोडक्यात. मूळ पगार आणि भत्ते वेगळे लिहून घे. मूळ पगार फार कमी दाखवला असेल तर हरकत घे, कारण ग्रॅच्युइटी मूळ पगारावरच ठरते, पहिल्या पाच वर्षांत वर्षाला २१ दिवसांची. तिथल्या कामगार मंत्रालयाच्या ऑफर लेटरवरचे आकडे आणि या कागदावरचे आकडे शेजारी ठेवून ताड. भरतीचा खर्च तुझ्याकडून वसूल करायला तिथल्या कायद्याने बंदी आहे. चिपळूणच्या ज्या एजंटाने ८०,००० सांगितले, त्याला नोंदणी क्रमांक विचार. आपल्याकडे नोंदणीकृत एजंटालाही ३०,००० रुपये आणि जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. क्रमांक नाही म्हणाला तर तिथूनच उठ. पासपोर्ट शाळेकडे ठेवायला मागितला तर नम्रपणे नाही म्हण, तो ठेवून घेणं तिथे बेकायदा आहे.

तुझ्या पीडीएफमध्ये पान पाच अर्धंच आलंय, खालच्या चार ओळी कापल्या गेल्यात. नेमकी तिकिटाची कलमं तिथे असणार. तेवढं पान पुन्हा स्कॅन करून पाठव. तोवर सही करू नकोस, शाळेने कितीही घाई केली तरी.

तुझी
आत्या