दिल्लीत देशी बदके पाळायची, तर खर्च किती?

बदकाचे अंडे स्वस्त असते. महाग पडते ती त्यातून वाढवलेली मादी. बारा अंडी परगावाहून मागवलीत, तर प्रवासातले हेलकावे धरून निम्म्यांतूनच पिल्ले निघतील असा हिशेब ठेवा. सहा पिल्लांत मादी साधारण तीन. म्हणजे अंड्याचा भाव तिथेच चौपट झाला.

आसामची ‘पाती’ आणि बिहारची ‘मैथिली’ या कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने नोंदवलेल्या देशी जाती. कर्नाल एनसीआरमध्येच येते, पण तिथले काम नोंदणीचे आणि अभ्यासाचे. अंड्यांसाठी मूळ प्रदेशातला पाळणारा गाठावा लागतो. ओखल्याला दिसणाऱ्या हळदी-कुंकू बदकाची अंडी मात्र उचलू नका. तो वन्यजीव आहे आणि 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा कडक आहे.

अंडी 28 दिवस, 37.5 अंश सेल्सिअसवर उबवायची. 80 वॉटचे यंत्र अखंड चालले तरी 54 युनिट होतात. पुढे तीन आठवडे पिल्लांच्या उबेसाठी 100 वॉटचा दिवा लावला, की आणखी 50. रक्कम किरकोळ, पण दिल्लीत 2019 पासून महिन्याला 200 युनिटांपर्यंत वीजबिल शून्य येते. तुम्ही आधीच 180 वर असाल, तर ही बदके तुम्हाला त्या रेषेपलीकडे नेतील. फेब्रुवारीअखेर अंडी लावावीत. मे महिन्यातल्या लूमध्ये यंत्रातला ओलावा टिकवणे जिकिरीचे. शेवटचे तीन दिवस तो 70 टक्क्यांच्या आसपास हवा.

खरा खर्च खाद्याचा. वीस आठवड्यांपर्यंत एक बदक सुमारे साडेबारा किलो खाते. किलोला 40 रुपये धरले, तर सहा पिल्लांचे 3000. नंतर दिवसाला 150 ग्रॅम, म्हणजे मादीमागे वर्षाला 2200 रुपये. पातीने वर्षात 80 अंडी दिली, तर एकेक अंडे नुसत्या खाद्यातच 27 रुपयांना पडते. खाकी कॅम्पबेल या विदेशी जातीने 250 दिली, तर नऊला. अंडीच हवी असतील तर कॅम्पबेल घ्या. पाती हौसेसाठी किंवा वाण टिकवण्यासाठी.

बुरशीच्या मक्यावर किंवा शेंगदाणा पेंडीवर पैसे वाचवू नका. त्यातले अफ्लाटॉक्सिन कोंबडीपेक्षा बदकाला फार लवकर मारते. तळे खोदायची मात्र गरज नाही. डोके बुडेल इतके खोल भांडे पुरते, फक्त पाणी रोज बदला.

उरलेल्या नरांचे काय, हे अंडी लावण्याआधीच ठरवा. वीस आठवडे सगळे पोसण्यापेक्षा नर-मादी ओळखू येताच एक-दोन ठेवून बाकीचे विकलेले बरे. वसाहतीच्या तलावात ते सोडून देऊ नका. जानेवारी 2021 मध्ये पूर्व दिल्लीच्या संजय तलावावर बर्ड फ्लू निघाला आणि तिथली बदके मारावी लागली. त्या वेळी गाझीपूरचा कोंबडी बाजारही बंद होता. हिवाळ्यात विकायचा बेत असेल, तर हेही धरून चाला.