गीझर खदखदतो तेव्हा



गेल्या हिवाळ्यात आमच्या घरचा २५ लिटरचा गीझर आवाज करू लागला. आधी बारीक सूंसूं, मग टाकीत कोणी खडे हलवावेत तशी खदखद. पाण्याचीही तीच तऱ्हा. पहिल्या दोन तांब्यांना हात भाजायचा आणि बादली निम्मी होते न होते तोच पाणी कोमट. सौ. म्हणाल्या, "यापेक्षा आपला तांब्याचा बंब बरा होता."

कारण पाण्यातच होते. बेळगाव शहराला राकसकोप व हिडकल जलाशयांचे पाणी मिळते. नळाला पाणी आले नाही की आपण बोअर चालू करतो. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बरोबर घेते, म्हणून बोअरच्या पाण्यात साबणाला नीट फेस येत नाही. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तेथे याला 'कठोर जल' म्हणत. मला मराठीतला 'दुष्फेन' हा शब्द अधिक नेमका वाटतो, कारण परीक्षा त्या नावातच आहे. दोन बाटल्यांत पावसाचे आणि बोअरचे पाणी घ्या, साबणाच्या पाण्याचे सारखेच थेंब टाका आणि हलवून पाहा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ही कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅम, आणि दुसरे पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालते. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीही गीझरला जड जाऊ शकते.

असे पाणी तापले की त्यात विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचे कॅल्शियम कार्बोनेट होते. चुनखडी ती हीच. ६० अंशांच्या वर ती झपाट्याने बसते, आणि सर्वांत गरम जागा म्हणजे कॉइल. कॉइलवर पापुद्रा चढला की त्याच्या खाली अडकलेल्या थोड्या पाण्याची वाफ होते, बुडबुडे फुटतात, आणि तीच खदखद आपल्याला ऐकू येते. कॉइलची उष्णता पाण्यात नीट जात नाही. शेजारचा थर्मोस्टॅट मात्र लवकर तापतो आणि सगळी टाकी गरम होण्याआधीच वीज तोडतो. दिवा विझला म्हणून आपण खूश, आणि पाणी कोमट!

खरी काळजी पुढेच होती. आमच्या गीझरचा सेफ्टी वाल्व थेंब थेंब गळतो म्हणून पूर्वी कोणी तरी त्याच्या तोंडाला लाकडी खुंटी ठोकली होती. ते पाहून मला घाम फुटला. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेले की साधारण ३७५ मिलिलिटर जास्त जागा मागते. तापताना थोडे थेंब पडणे हे वाल्वचे कामच आहे. बंबाला वरून झाकण नुसते ठेवलेले असे, वाफेला वाट होती. गीझरची टाकी बंद. थर्मोस्टॅट बिघडला आणि वाल्वही बुजलेला असला, तर टाकी फुटू शकते. पालकांनी आज घरी जाऊन एवढे तरी पाहावे. थेंब सतत, गीझर बंद असतानाही पडत असतील तर वाल्व बदलून घ्यावा, बुजवू नये.

मुलांनी गीझर उघडायचा नाही. आम्हीही आधी मेन स्विच बंद केला, पाणी थंड होऊ दिले आणि माहीतगार इलेक्ट्रिशियनकडून कॉइल बाहेर काढवली. तिच्यावर बोटाएवढा जाड पांढरा थर होता. त्याची एक खपली व्हिनेगरमध्ये टाकली, ती फसफसली. तो कार्बन डायऑक्साइड. कॉइल सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात ठेवून साफ केली. टाकीला गंजापासून वाचवणारी मॅग्नेशियमची कांडी जवळजवळ संपली होती, ती बदलली. नवा वाल्व बसवला, अर्थिंग तपासून घेतले, आणि टाकी पूर्ण भरून नळातून धार आल्यावरच स्विच चालू केला. रिकाम्या बंबात जाळ घालू नये हे आजी सांगत असे, तो नियम येथेही लागू आहे. थर्मोस्टॅट आता ५५ अंशांवर ठेवला आहे.

खदखद थांबली. पुढच्या सफाईची तारीख मी गीझरशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. खपली शाळेच्या प्रयोगशाळेत आहे, ज्यांना पाहायची असेल त्यांनी यावे.